१३.५ ची मोटर टाकू का?

प्रश्न : दादा नमस्कार, मी नाशिकचा, वय ४३. मुलासाठी म्हणून १/१० ची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची) रिमोट कंट्रोलची इलेक्ट्रिक बग्गी घेतली आणि आता मुलगा घरी झोपलेला असतो नि मी दर रविवारी क्लबच्या ट्रॅकवर. चार महिने झाले पण माझा नंबर शेवटून पहिला तो सुटत नाही. गाडीत १७.५ टर्नची मोटर आहे, १३.५ ची टाकली तर फरक पडेल का? शिवाय स्पर गिअरचे (मोटरच्या छोट्या गिअरने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात दोनदा गेले, तर मेटलचा घेऊ का?

उत्तर : मुलाच्या नावावर गाडी घेणारे तुम्ही काही पहिले नाही, मी पण त्यातलाच! १३.५ टाका की, फरक नक्की पडेल, गाडी आत्ता आपटते त्यापेक्षा जोरात आपटेल. टर्न म्हणजे मोटरमधले तारेचे वेढे, वेढे कमी तेवढी ती जास्त पळते, पण तुमचा प्रॉब्लेम सरळ पट्ट्यात आहेच कुठे, तो वळणावर आहे. आणि तुमचा क्लास, म्हणजे रेसचा गट, १७.५ चा असेल तर १३.५ घेऊन त्यात उतरूही देणार नाहीत.

जरा हिशोब करा. रेस ५ मिनिटांची, म्हणजे ३०० सेकंद. समजा तुमचा लॅप २० सेकंदांचा आहे पण चार वेळा गाडी पलटी झाली आणि मार्शल (ट्रॅकवर उलटलेल्या गाड्या सरळ करायला उभा असलेला माणूस) येऊन सरळ करेपर्यंत दर वेळी १२ सेकंद गेले, म्हणजे ४८ गेले, उरलेल्या २५२ सेकंदांत साडेबारा लॅप. आता तुमच्या शेजारी उभे असलेले ते काका बघा, २२ सेकंदांचा लॅप, आरामात, एकदाही न आपटता, त्यांचे साडेतेराच्या वर होतात! तुमच्यापेक्षा हळू चालवून एक लॅप पुढे. मी पहिल्या वर्षी असाच हावरटपणा केला होता, जास्त पळणारी मोटर बसवली, सरळ पट्ट्यात सगळ्यांच्या पुढे आणि पुढच्याच वळणाला ट्रॅकच्या कडेच्या पाइपावर चढून चाकं वर. शेवटी जुनी मोटर परत बसवली तेव्हा कुठे बी मेनमधे (दुसऱ्या फळीच्या फायनलमधे) तिसरा आलो.

तर आधी रिमोटमधे थ्रॉटलची लिमिट ७० टक्क्यांवर आणा, त्यात लाज कसली, आणि एखाद्या रिकाम्या पार्किंगमधे पाण्याच्या दोन बाटल्या ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत बसा. गाडी आपल्याकडे तोंड करून आली की स्टिअरिंगचं डावं-उजवं उलटं होतं ना, तिथेच सगळे नवीन लोक आपटतात, ते हातात बसेपर्यंत हेच करायचं. वळणाच्या आधी ट्रिगर सोडायचा, वळणात नाही. सलग तीन रविवार न आपटता ५ मिनिटं पूर्ण झाली की लिमिट वाढवा, मोटरचं मग बघू.

गिअरचं म्हणाल तर मेटलचा घेऊन काही होणार नाही, मेश, म्हणजे दोन गिअरचे दात एकमेकांत बसणं, तोच चुकतोय. वहीच्या कागदाची पट्टी फाडा, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) आणि स्परच्या मधे घाला, मोटर त्यावर दाबून धरून स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर घड्या दिसल्या पाहिजेत पण ती फाटलेली नको. आता एका हाताने पिनियन धरून स्पर हलवलात तर किंचित टकटक जाणवेल, तेवढीच हवी. हे स्परच्या चारही बाजूंना तपासा, आणि पिनियनचा बारका स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसलाय ना तेही बघा, नाहीतर मेश आपोआप सरकतो.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, रिमोटच्या गाडीची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी रात्री चार्जिंगला लावून झोपतो. एक बॅटरी फुगलीय पण म्हणतो "आई, चालते अजून". काळजी करू का? – ठाण्याची एक आई

उत्तर : ताई, नुसती काळजी करत बसू नका, हे आजच बंद करा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, चार्ज करायची नाही, टाचणी लावून हवा काढायची तर अजिबातच नाही (हे करणारे महाभाग मी पाहिलेत). घराबाहेर, पेट घेईल असं आजूबाजूला काही नसेल तिथे ठेवा आणि ई-वेस्ट घेणाऱ्यांकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. चांगल्या बॅटरीचं चार्जिंग माणूस जागा असताना आणि समोर असतानाच, बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), फायरप्रूफ पिशवीत, गादीवर नाही तर फरशीवर. ५००० एमएएचची असेल तर ५ अँपिअरवर लावा, जास्त नको. फुल म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट, आणि आठवडाभर पडून राहणार असेल तर चार्जरमधलं स्टोरेज बटण दाबून ३.८ वर आणून ठेवायची. मे महिन्यात बंद कारमधे विसरू नका.

प्रश्न : माझी रेस संपल्यावर उन्हात मार्शल म्हणून का उभं राहायचं? पैसे भरलेत ना! – पुण्याचा वाचक

उत्तर : मग तुमची गाडी उलटी पडते तेव्हा ती सरळ कोण करतं? बऱ्याच क्लबांत मार्शलिंग चुकवलं तर तुमचा सगळ्यात चांगला राउंडच निकालातून कापतात, आणि बरोबर करतात. पायात बूट घाला, ट्रॅकवर उतरायच्या आधी मागून येणाऱ्या गाड्या बघा, उचललेली गाडी ट्रॅफिक गेल्यावर सरळ दिशेने ठेवा, तिथेच दुरुस्त करत बसू नका. आणि मोबाइल खिशात.