एसीसाठी एफडी मोडण्याआधी

प्रश्न: माझी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक ८१,००० किलोमीटर चालली आहे. एसी पंधरा-वीस मिनिटं छान गार हवा देतो, मग हवा गरम येते. अर्धा तास गाडी बंद ठेवली की परत सुरू होतो. दोनदा गॅस भरून झाला. आता कॉम्प्रेसर बदला म्हणतात, खर्च ४२,०००. एफडी मोडून तो करू, की ५ लाखांचं कर्ज काढून नवी गाडी घेऊ? आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. – एक वाचक, नागपूर

उत्तर: नागपूरच्या उन्हात डायलिसिसहून परतणाऱ्या आईसाठी एसी ही चैन नाही, हे आधी मान्य करू. तरीही आज दोन्हीपैकी काहीच करू नका. कारण नेमकं काय बिघडलंय हेच अजून कोणी तपासलेलं दिसत नाही.

गॅस गळत असता तर अर्ध्या तासाच्या विश्रांतीने गारवा बहुधा परत आला नसता. तापल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू, हे लक्षण बहुतेक वेळा विजेच्या बिघाडाचं असतं. कॉम्प्रेसरच्या पुढच्या टोकाला चुंबकीय क्लच असतो; वीज मिळाली की तो पुढची प्लेट ओढून कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडतो. एसी लावल्यावर 'टक' असा आवाज येतो तो त्याचाच. आतली कॉइल जुनी झाली की तापल्यावर तुटल्यासारखी वागते, किंवा क्लच झिजून त्यातली फट वाढते आणि तापलेल्या कॉइलला पुढची प्लेट ओढवत नाही. कधी रिले, म्हणजे क्लचची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विचच खराब असतो, कधी अर्थिंगच्या बोल्टला गंज चढलेला असतो.

म्हणून गाडी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या आणि फक्त तपासणीचे पैसे द्या. दुरुस्तीचं नंतर बघू म्हणून आधीच सांगा. हवा गरम यायला लागली त्याच क्षणी क्लचच्या वायरवर मीटर लावायला लावा. बारा व्होल्टच्या आसपास वीज येतेय आणि क्लच फिरत नाही, तर दोष क्लचचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. वीजच येत नसेल तर रिले, प्रेशर स्विच (गॅसच्या दाबावर चालणारा स्विच), वायरिंग बघायचं. तसाच दुसरा रिले बसवून बघायला तर दोन मिनिटं लागतात. क्लच किंवा कॉइल अनेक गाड्यांना वेगळी मिळते, अख्खा कॉम्प्रेसर लागत नाही. एक मात्र कटाक्षाने पाळा: फ्यूज उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा बसवू देऊ नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

आता हिशेब. ५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये, आणि व्याजच सव्वा लाखाच्या घरात. डायलिसिसचा खर्च चालू असताना हा हप्ता मला पटत नाही. तुमच्या गाडीची नोंदणी २०२७ मध्ये संपेल. पुढे चालवायची तर फेरनोंदणीचं शुल्क ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी. म्हणून आत्ता एसीवर १२,००० पर्यंत खर्च बिनधास्त करा, तोही पगारातून. खरंच कॉम्प्रेसर गेलाय असं निघालं, तर दुसऱ्या ठिकाणचा भाव घेतल्याशिवाय हो म्हणू नका. विम्यावर विसंबू नका, नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक किंवा विजेचा बिघाड धरत नाहीत.

एफडीला हात लावू नका. ती आईच्या अडीअडचणीची आहे. दुरुस्ती होईपर्यंत डायलिसिसच्या दिवशी एसी टॅक्सी करा. जाऊन-येऊन ६०० रुपये धरले आणि महिन्यात नऊ फेऱ्या झाल्या, तरी ५,४०० होतात.