निर्देशांकात ट्रेडिंगसाठी फ्युचर घ्यावं की ऑप्शन?

"ऑप्शन विकत घेतला की तोटा मर्यादित, मग फ्युचर घ्यायचंच कशाला?" तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. माझे भावोजी हेच वाक्य मला कित्येक वर्षं ऐकवतायत. फ्युचर म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला निर्देशांकाचा सौदा करण्याचा बंधनकारक करार. ऑप्शन म्हणजे तसा सौदा करण्याचा फक्त हक्क, आणि त्यासाठी आधी भरायची किंमत म्हणजे प्रीमियम. मर्यादित तोटा म्हणजे भरलेला सगळा प्रीमियम गेला, शंभर टक्के. हे कुणी बोलत नाही.

8 नोव्हेंबर 2016, अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. त्या दिवशी अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक एसअँडपी 500 बंद झाला 2139 वर. आम्हा दोघांचं मत एकच होतं: हिलरी क्लिंटन येणार, बाजार चढणार. भावोजींनी या निर्देशांकाचं एक ई-मिनी फ्युचर उचललं. निर्देशांकाच्या एका अंकाला 50 डॉलर, म्हणजे लाखभर डॉलरचा सौदा, तोही थोड्याशा मार्जिनवर (सौद्यासाठी ठेवायची अनामत). मी स्वतःला शहाणा समजून त्याच शुक्रवारी संपणारे 2200 चे कॉल घेतले, म्हणजे 2200 या भावाने (हाच स्ट्राइक) विकत घेण्याचा हक्क. स्वस्त मिळाले ना!

रात्री निकाल उलटे यायला लागले. फ्युचर घसरत घसरत 5 टक्क्यांच्या लिमिटला जाऊन टेकलं, रात्रीत त्याखाली ते जाऊच देत नाहीत. भावोजींचा स्टॉपलॉस (ठरवलेल्या भावाला सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर) त्याच्या कितीतरी आधीच उडाला होता. मी त्यांना फोनवर ऐटीत सांगितलं, "माझं जायचं ते ठरलेलं आहे, मी झोपतो." आणि झोपलोही.

दुसऱ्या दिवशी बाजार जवळपास 24 अंक वर बंद! आमचं कारण सपशेल चुकलं, दिशा मात्र बरोबर निघाली. भावोजी आधीच बाहेर फेकले गेलेले. आणि माझा कॉल? आदल्या दिवसापेक्षा स्वस्त. निवडणुकीची धास्ती ओसरली, बाजाराची धास्ती मोजणारा व्हिक्स 18 च्या वरून 14 वर आला आणि प्रीमियममधली सगळी हवा गेली. शुक्रवारी बाजार 2164, कॉल शून्य.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आम्ही एकमेकांचं दूध प्यायला लागलो. मी फ्युचरवाला झालो, ते ऑप्शनवाले.

माझं मत स्पष्ट आहे. फ्युचरमध्ये प्रश्न एकच: वर की खाली. ऑप्शन घेणाऱ्याला किती वर, कधीपर्यंत, आणि बाजाराने त्या हालचालीची किंमत आधीच वसूल केलीय का, हे तिन्ही बरोबर यावं लागतं. वर रोजचा थीटा, म्हणजे दिवस सरतील तशी प्रीमियमची झीज, आहेच. निर्देशांक 10 अंक चढला की फ्युचरही जवळपास तेवढंच चढतं. लांबच्या स्ट्राइकचा कॉल त्यातले एक-दोन अंक हातावर टेकवतो. तुमच्याकडे फक्त दिशेचं मत असेल तर फ्युचर घ्या. सौदा मोठा वाटत असेल तर 2019 पासून मायक्रो ई-मिनी आहे, अंकाला 5 डॉलर. आमच्या वेळी ते असतं तर भावोजींना स्टॉपलॉस इतका जवळ लावावा लागला नसता.

निकाल, मोठी घोषणा असं काही तोंडावर असेल आणि रात्रभर स्क्रीनसमोर बसणं जमणार नसेल, तर ऑप्शन ठीक. पण स्ट्राइक जवळचा आणि एक्स्पायरी (ऑप्शन संपण्याची तारीख) लांबची घ्या. स्वस्त म्हणून लांबच्या स्ट्राइकचा कॉल घेणाऱ्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. ऑप्शन विकण्याबद्दल मी बोलत नाही, तो धंदाच वेगळा.

हो, एक राहिलं. फ्युचरमध्ये मार्जिनपेक्षा जास्तही जाऊ शकतं, मार्क टू मार्केटचे पैसे (त्या दिवसाच्या भावाने झालेला तोटा) रोज भरावे लागतात, आणि बाजार लिमिटला अडकला की स्टॉपलॉस तुम्ही ठरवलेल्या किमतीला लागेलच असं नाही. त्या रात्री भावोजींनी फ्युचरसोबत 2140 चा एक पुट (त्या भावाने विकण्याचा हक्क) घेतला असता तर तेही निवांत झोपले असते. आता फ्युचर अधिक पुट म्हणजे हिशेबाने त्याच स्ट्राइकचा कॉलच होतो, हे मला माहीत आहे. त्यांच्यासमोर मी ते अजून कबूल केलेलं नाही.