घराण्यात आहे, मग मलाही होणार का?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेली बावीस वर्षं मानसिक आजाराबद्दलचा एक प्रश्न फिरून फिरून येतोय. निपाणीहून आलेला मुलगा विचारतो, "काकांना होतं, मला होईल का?" खानापूरकडची आई विचारते, "आमच्या वाढवण्यात काय चुकलं?" स्थळ बघणारे नाव न सांगता फोन करतात, "मुलीच्या आईला म्हणे धारवाडला नेलं होतं. रक्तात असतंय का हो ते?" आमच्याकडं 'धारवाडला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेनं कितीतरी घरं सावरली, पण बोलण्यात त्या गावाचं नाव टोमणाच होऊन राहिलंय.

मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांनी हे विचारलं, म्हणून सुजाताची गोष्ट लिहायला घेतली. नाव बदललंय, ओळख पटू नये म्हणून आणखी दोघींचे तपशील तिच्यात मिसळलेत, आणि जवळजवळ वर्षभराच्या भेटी चार-पाच बोलण्यांत बसवल्यात.

सुजाता सत्तावीस वर्षांची. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. घर वडगावात, वडील विणकर. ती आठ-नऊ वर्षांची असताना आईला स्किझोफ्रेनिया झाला, म्हणजे भास आणि भलतेच पक्के संशय आणणारा मनाचा आजार. आता चंदगडकडचं चांगलं स्थळ आलं होतं आणि ही कारण न देता नाही म्हणत होती. मावशी घेऊन आली. मावशीचा संशय असा की मनात दुसराच कोणी असणार.

मावशीला बाहेर बसवलं. सुजाता बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, मी मे महिन्यात पण पंखा बंद करून झोपते."

"का गं?"

"पंख्याच्या घरघरीत आवाज आले तर कळायचे नाहीत ना."

आईला नसलेली माणसं बोललेली ऐकू यायची. म्हणून ही रोज रात्री घामाघूम होऊन, कान देऊन पडायची. आले का? आज आले का? असे दोन-अडीच वाजायचे. आई आजारी पडली ती अठ्ठाविसाव्या वर्षी. सुजाताला अठ्ठावीस पूर्ण व्हायला अकरा महिने राहिले होते, आणि ते तिनं मोजून ठेवले होते.

तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. अशा बाबतीत मी अंदाजावर राहत नाही. त्यांनी नीट तपासून सांगितलं की आजाराची लक्षणं नाहीत, भीती आहे आणि झोपेचं पार खोबरं झालंय. मग आमच्या भेटी सुरू झाल्या.

हिशेब बघणारी मुलगी, तिला आकड्यांनीच समजावावं असं मला वाटलं. माझ्या कपाटात चिंचोक्यांचा एक डबा असतो. शंभर चिंचोके टेबलावर ओतले. एक बाजूला काढला. "घराण्यात कुणाला काही नसताना आयुष्यभरात शंभरातल्या साधारण एवढ्यांना हा आजार होतो." मग दहा काढले. "आई किंवा वडील, एकाला असेल तर साधारण एवढ्यांना." तिनं मोबाइलवर 'दहा पट धोका' वाचलं होतं आणि तिथंच तिचा श्वास अडकला होता. उरलेले नव्वद चिंचोके तिला कुणी दाखवलेच नव्हते.

जुळ्यांचंही सांगितलं. एकाच फलित बीजातून फुटलेली, अगदी एकसारखी जुळी घेतली तर एकाला आजार असताना दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण शंभरात चाळीस-पन्नासच्या घरात दिसतं. रक्तच सगळं ठरवत असतं तर शंभरात शंभर झालं असतं. पुढं फिनलंडचा अभ्यास सांगितला. आईला हा आजार, पण मूल दत्तक गेलेलं, अशी मुलं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली. विसकटलेल्या, कलहाच्या घरांत वाढलेल्यांत आजार पुष्कळ जास्त निघाला, शांत घरांत गेलेल्यांत बराच कमी. आणि ज्यांच्या आईला आजार नव्हता, त्या दत्तक मुलांवर तसल्याच घरांचा तेवढा परिणाम दिसला नाही.

मला वाटलं, आता हिचा चेहरा उजळेल. तो आणखी पडला.

"म्हणजे घरामुळं होतंय," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

नुसते आकडे सांगून भीती जात असती तर माझी खोली केव्हाच बंद पडली असती, हे मला कळायला हवं होतं. पुढच्या भेटीत हळूहळू निघालं. आजी मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, "माझ्या लेकीला जावयानं वेडं केलं." त्या काळात मागाचं कर्ज होतं, बाबा घरात ओरडायचे. सुजातानं ते ऐकलंय. ती बाबांच्या ताटात भाजी वाढते, त्यांचा रक्तदाब बघते, आणि गेली अठरा वर्षं त्यांना मनातून माफ करत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती मला 'रक्त की परिस्थिती' विचारत होती खरी, पण दोन्ही उत्तरांची किंमत तिनं आधीच ठरवून ठेवली होती. रक्त म्हटलं तर ती संपली, परिस्थिती म्हटलं तर बाबा गुन्हेगार. यातलं कुठलंही उत्तर घेऊन ती घरी कशी जाणार? त्यानंतर हा प्रश्न कुणीही आणला की आधी मी एवढंच बघते, यात आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं आहे.

मी बाबांना बोलावलं. ती नको म्हणत होती.

ते पांढऱ्या सदऱ्यात, हातात टोपी घेऊन, खुर्चीच्या टोकावर बसले. मी विचारलं, "वहिनींचा आजार कशामुळं आला असं तुम्हाला वाटतं?" ते बराच वेळ हाताकडं बघत होते. मग जे बोलले ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलंय.

"मॅडम, सूत तेच असतंय. खरं उन्हाळ्यात जास्त तुटतंय." (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.) "हवा कोरडी झाली की तुटतंय. आता त्यात सुताची चूक म्हणू की उन्हाची? सूत बारीक आहे हे खरं. ऊन आहे हे पण खरं. आम्ही खाली जमिनीवर पाणी मारतोय, माग जरा दमानं घेतोय. तुटलं तर सांधतोय. तेवढंच हातात आहे की."

थोडं थांबून म्हणाले, "तेव्हा मला पाणी मारायचं कळलं नाही. ओरडत होतो. चुकलंच."

सुजाता त्यांच्याकडं बघत होती. अठरा वर्षांत हे वाक्य तिनं ऐकलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

१९७७ मध्ये झुबिन आणि स्प्रिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी कच्चेपणा आणि ताण यांचा मेळ मांडला. प्रत्येकाचा सोसण्याचा उंबरठा वेगळा, आणि ताण त्यापलीकडं गेला की आजाराची पाळी येते. मी त्याच विचाराची. सगळं मेंदूतल्या रसायनांवर टाकणारे आणि सगळं बालपणावर टाकणारे, दोघांशीही माझं पटत नाही. पण ती मांडणी इतक्या चोख शब्दांत मला कधी सांगता आली नव्हती. आता मी सांगते, आणि वडगावच्या एका विणकराकडून शिकले हेही सांगते.

त्या दिवशी बाबांना मी एक गोष्ट समजावली. नवऱ्याच्या ओरडण्यानं एकट्यानं स्किझोफ्रेनिया होत नाही. तसं असतं तर आपल्या निम्म्या गल्ल्या आजारी पडल्या असत्या. मात्र एकदा आजार आल्यावर घरातली सततची टोचणी आणि आरडाओरडा यांनी तो पुन्हा उसळायला हातभार लागतो, हे पक्कं आहे. ते म्हणाले, "ते आम्ही बघितलंय." ऑगस्ट २०१९ च्या पुरात मागाच्या खोलीत पाणी शिरलं. सगळे नातेवाइकांकडं जाऊन राहिले, त्या गडबडीत गोळ्यांची पिशवी राहिली, रात्री झोप नाही, आणि पंधरा दिवसांत आई पुन्हा भिंतीशी बोलायला लागली. पुढच्याच वर्षी लॉकडाऊन. माग बंद, पैसा बंद. तरी आई ठीक राहिली. "गोळी चुकू दिली नाही आणि नऊला दिवा बंद केला," बाबा म्हणाले. सुजातानं दोन्ही वर्षं त्याच घरात काढली होती, पण कधी शेजारी शेजारी ठेवून बघितली नव्हती. हिशेबनीस असून!

मग आम्ही 'पाणी मारायची' यादी केली. तिच्यासाठी पहिलं काम झोप. घरात असा आजार असेल त्यानं जागरणाला फुशारकी समजू नये. दुसरं, गांजा. सुजाताचा त्याच्याशी संबंध नाही, पण तिचा भाऊ कॉलेजात आहे आणि हल्ली त्या वयाच्या पोरांना तो गल्लीत मिळतो. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या सुमारे पंचेचाळीस हजार तरुणांचा १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात जास्त गांजा ओढणाऱ्यांत पुढं स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहा पट आढळलं. 'झाडपाला आहे, त्याला काय होतंय' म्हणणाऱ्या पालकांना मी हे मुद्दाम सांगते, आणि घराण्यात आजार असेल तर दोनदा सांगते.

राहिली लक्षणं. रोज रात्री कान देऊन ती शोधायची नसतात. माणूस आठवडेच्या आठवडे कुणात मिसळेना, अंघोळ-जेवण सुटलं, शेजारी आपल्यावरच बोलतात असं पक्कं वाटू लागलं, तर ते आधी घरच्यांना दिसतं. म्हणून सुजातानं स्वतःवरचा पहारा उठवायचा आणि ते काम मावशीला द्यायचं, असं ठरलं. तसं काही दिसलं तर लवकर डॉक्टर गाठायचा, कारण जितके महिने उपचाराविना जातात तितकं सावरणं अवघड होतं. सौंदत्तीला यल्लम्माला जायचं असेल तर जरूर जा, मी कुणाला अडवत नाही, फक्त गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या. कुठं जायचं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

चंदगडच्या मंडळींना काय सांगायचं यावर मावशीशी माझा चांगलाच खटका उडाला. तिचं म्हणणं, लग्न झाल्यावर कळलं तर कळलं. मी म्हटलं, लपवलेला आजार त्या घरात फसवणूक म्हणूनच निघणार, आणि मग गोळ्या पण लपून घ्याव्या लागणार. शेवटी सुजातानं स्वतः सांगितलं, बाबांना शेजारी बसवून. ते स्थळ मोडलं. ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी कामावर गेली.

तिनं सुरुवातीलाच माझ्याकडून एक वेळ मागून घेतली होती, अठ्ठाविसाव्या वाढदिवसाची. "त्या दिवशी मला एकटीला राहायचं नाही," असं म्हणाली होती. मी ती संध्याकाळ राखून ठेवली. पाच वाजले, साडेपाच वाजले. सहाला मी खोली आवरायला घेतली.

साडेआठला फोन आला. मागं पोरांचा गोंधळ, कुणीतरी कुंद्याचा डबा मागत होतं.

"मॅडम, आज तुमच्याकडं यायचं होतं ना? विसरलेच की."