वाचकांचे प्रश्न : इमारती पाहायला इटलीत जाताना

प्रश्न : हाताशी दहा दिवस आहेत. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, व्हेनिस, मिलान आणि नेपल्स एवढं बसेल का? आम्हाला रस आहे तो इमारतींत.

बसवता येईल, पण पाहणं होणार नाही. सात शहरं म्हणजे सहा वेळा सामान बांधायचं, आणि प्रत्येक वेळी निम्मा दिवस स्टेशन आणि हॉटेल यांच्यातच जातो. रोमला चार मुक्काम, फ्लॉरेन्सला तीन, उरलेले व्हेनिसला. क्रमही हाच ठेवा. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की आणि अल्बेर्ती या पंधराव्या शतकातल्या वास्तुकारांनी जे बांधलं त्यामागे प्राचीन रोमचे खांब आणि कमानी आहेत, आणि व्हेनिसमध्ये चर्च बांधणाऱ्या पलाडिओने तर रोममधल्या भग्न इमारतींची स्वतः मोजमापं घेतली होती. मूळ आधी पाहिलं की पुढच्या दोन शहरांत कोणी काय उचललं आणि काय बदललं ते आपोआप दिसू लागतं. उलट क्रमाने गेलात तर ही गंमत हातची जाते.

विमानाचं तिकीट रोमला उतरणारं आणि व्हेनिसहून परतणारं घ्या. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने सुमारे दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांहून थोडं अधिक. या गाड्यांची तिकिटं आगाऊ काढली तर बरीच स्वस्त पडतात. मिलानचं कॅथेड्रल भव्य आहे, पण त्याची गॉथिक शैली या धाग्यात बसत नाही. ते पुढच्या वेळी.

प्रश्न : फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचं आहे. चढताना नेमकं काय पाहायचं? वरून दिसणारा देखावा सोडून.

प्रश्न फार चांगला आहे, कारण बहुतेक जण मान खाली घालून ४६३ पायऱ्या मोजतात आणि खरी गोष्ट खांद्याला घासून निघून जाते.

अडचण काय होती ते आधी लक्षात घ्या. अष्टकोनी पोकळी, रुंदी ४० मीटरहून अधिक, आणि ती जमिनीपासून पन्नासेक मीटर उंचीवर. कमान बांधताना खालून लाकडी सेंटरिंग लावायचं आणि चुना घट्ट झाला की काढायचं, ही नेहमीची रीत. इथे एवढं लाकूड उभं करणंच अशक्यप्राय होतं. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात खालून आधार न देता घुमट पूर्ण केला. त्यासाठी प्रत्येक थर बांधून होताच स्वतःच्या बळावर उभा राहायला हवा होता.

चढताना तुम्ही दोन कवचांच्या मधून जाता. आतलं कवच जाड, भार पेलणारं. बाहेरचं पातळ, पाऊसवारा अडवणारं. भिंती आत झुकू लागल्या की थांबून विटांकडे पाहा. आडव्या विटांच्या रांगेत ठरावीक अंतरावर एक वीट उभी लावलेली दिसेल. पुढच्या थरात ती उभी वीट थोडी सरकते, म्हणून उभ्या विटांच्या तिरक्या रेषा माशाच्या काट्यासारख्या वर चढत जातात. ओला चुना धरण्याआधी आडव्या विटा आत घसरू नयेत म्हणून ही योजना. दोन उभ्या विटांमध्ये अडकलेला छोटा तुकडा जागचा हलत नाही, आणि वर्तुळ पूर्ण झालं की अख्खा थर एकमेकांना दाबून धरतो. घुमटाची खालची बाजू बाहेर फाकू नये म्हणून वालुकाश्माच्या आणि लाकडाच्या साखळ्या भिंतीतच घातलेल्या आहेत.

शेवटचा टप्पा आतल्या कवचाच्या पाठीवरून सरळ चढतो. तो सर्वात उभा. लिफ्ट नाही, मध्येच परत फिरायची सोयही जवळजवळ नाही. हृदयाचा किंवा बंदिस्त जागेचा त्रास असणाऱ्यांनी जाऊ नये.

तिकीट ठरावीक वेळेचंच मिळतं आणि ती वेळ चुकली तर बदलून मिळत नाही. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही. ती आधी सामानघरात ठेवावी लागते, आणि लोकांची वेळ हुकते ती बहुतेकदा इथेच. अर्धा तास आधी पोहोचा. सकाळची पहिली वेळ मिळाली तर उत्तम.

घुमटावर उभं राहून घुमट दिसत नाही, म्हणून शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्यावरही चढा. ४१४ पायऱ्या आहेत. दोन्ही एकाच दिवशी करू नका. मधल्या वेळात कॅथेड्रलच्या संग्रहालयात घुमटाच्या जुन्या लाकडी प्रतिकृती पाहून घ्या. आणि समोरची रंगीत संगमरवरी दर्शनी भिंत मध्ययुगीन समजू नका, ती एकोणिसाव्या शतकातली आहे.

प्रश्न : रोमच्या पॅन्थिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटाला मधोमध भोक आहे. पाऊस आत येतो का? आणि लोखंडाशिवाय हे काँक्रीट कसं टिकलं?

पाऊस येतो. जमीन मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि फरशीत पाणी जायला छिद्रं आहेत. पावसात मधला भाग दोर लावून बंद करतात, कारण ओला संगमरवर घसरडा असतो.

घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून माथ्याची उंचीही तेवढीच. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२५च्या आसपास तो पूर्ण झाला. लोखंडी सळयांविना उभा असलेला याहून मोठा काँक्रीटचा घुमट जगात नाही. टिकण्याचं कारण वजनाच्या वाटणीत आहे. पायाकडच्या काँक्रीटमध्ये जड दगडाचे तुकडे, वर जाऊ तसे हलके, आणि माथ्यापाशी प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. जाडीही वर कमी कमी होत जाते. छतातले खोलगट चौकोन वजन आणखी घटवतात, आणि माथ्यावरचं भोक म्हणजे जिथे वजन नकोच तिथे ते ठेवलेलंच नाही.

आत पाहून झालं की इमारतीला बाहेरून पूर्ण फेरी मारा. बाजूच्या आणि मागच्या भिंतीत विटांच्या मोठ्या कमानी चिणलेल्या दिसतात. आतल्या कोनाड्यांवरचा भार बाजूच्या भरीव भागांकडे वळवायला त्या आहेत. बहुतेक पर्यटक तिकडे फिरकतच नाहीत. २०२३ पासून आत जायला तिकीट आहे.

प्रश्न : चर्च पाहायला गेलं की बंदच सापडतं, असं ऐकलं. दिवस कसा आखावा?

लहान चर्च दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होऊन साडेतीन-चारला उघडतात. म्हणून सकाळ चर्चना द्या. दुपारी संग्रहालय, प्राचीन अवशेष किंवा रस्त्यावरून दिसणारे वाडे. मग पुन्हा चर्च. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तेव्हा हिंडू नये. बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक हलकी ओढणी जवळ ठेवली की प्रश्न मिटतो. चर्चमधल्या अंधाऱ्या चॅपेलपाशी, म्हणजे छोट्या प्रार्थनाकक्षापाशी, पेटी दिसली तर नाणं टाका, काही मिनिटं दिवे लागतात. सुटे युरो खिशात असू द्या, आणि छोटी दुर्बीण जरूर न्या.

प्रश्न : रोममधलं बरोक, म्हणजे सतराव्या शतकातली नाट्यमय शैली, पाहायला अर्धाच दिवस आहे.

मग एकाच रस्त्यावरची दोन छोटी चर्च पाहा. वास्तुकार बोरोमिनीचं सान कार्लो आल्ले क्वात्रो फोंताने आणि बर्निनीचं सांतआंद्रेआ आल क्विरिनाले. दोघांमध्ये चार-पाच मिनिटांची चाल. दोन्हींचा आराखडा लंबगोल, पण सान कार्लोत तुम्ही लंबगोलाच्या लांबीच्या दिशेने आत शिरता आणि नजर खोल जाते. सांतआंद्रेआत रुंदीच्या दिशेने शिरता आणि जागा दोन्ही हातांना पसरते. पहिलं जवळजवळ पूर्ण पांढरं, सगळी करामत आकारांची. दुसऱ्यात रंगीत संगमरवर आणि सोनेरी मुलामा. दोन समकालीन प्रतिस्पर्धी एवढे जवळजवळ तुलनेला मिळणं दुर्मीळ आहे.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी का?

या तीन शहरांसाठी अजिबात नाही. जुन्या शहरभागांत परवान्याशिवाय वाहनांना मनाई असते. हद्दीवर फाटक नसतं, फक्त पाटी आणि कॅमेरा. प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा, नोटीस काही महिन्यांनी घरी येते, आणि तुमचं नाव कळवल्याबद्दल गाडीवाली कंपनी वेगळे पैसे कापते. त्याऐवजी रेल्वेने फिरा. प्रादेशिक रेल्वेगाडीचं कागदी तिकीट असेल तर बसण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. तिकीट खिशात असूनही दंड होतो तो यामुळे.

प्रश्न : व्हेनिसमध्ये सान मार्को सोडून काय?

पाण्याच्या रेषेकडे पाहा. घरं चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर आहेत. चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून लाकूड सहसा कुजत नाही. त्यावर एड्रियाटिक समुद्रापलीकडच्या इस्त्रियाचा पांढरा, पाणी कमी शोषणारा दगड आणि मगच वीट. भरतीचं पाणी दगडाच्या वर गेलं की विटेत खारं पाणी चढतं आणि गिलावा सुटतो; हे गल्लोगल्ली दिसेल.

मग जलबसने पलाडिओच्या सान जोर्जो माज्जोरे चर्चला जा. तिथल्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. एक दिवस रेल्वेने विचेंझा या शहराला द्या. तेआत्रो ओलिंपिको हे पलाडिओनेच आखलेलं, १५८५ साली उघडलेलं नाट्यगृह तिथे आहे. रंगमंचामागचे वास्तुकार स्कामोझ्झीने केलेले लाकडी रस्ते काही मीटरच खोल आहेत, पण जमीन चढती आणि घरं लहान होत गेल्याने लांबवर जाताना भासतात. मधल्या आसनांवर बसून पाहा, मग कडेला जा. कडेवरून ही युक्ती उघडी पडते. सोमवार टाळा.

२०२४ पासून काही ठरावीक दिवशी व्हेनिसला फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना शुल्क आहे. मुक्कामाला असणाऱ्यांना ते माफ असतं, पण ऑनलाइन नोंदणी करून तसा दाखला जवळ ठेवावा लागतो.