वाचकांचे प्रश्न : १९१८ चा मोडका हंगाम

प्रश्न : करोनाच्या काळात एक जुने छायाचित्र पाहण्यात आले होते. मैदानाच्या पायऱ्यांवर बसलेले प्रेक्षक आणि बहुतेकांच्या तोंडाला मास्क. ते १९१८ मधल्या अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचे असल्याचे समजले. महायुद्ध आणि साथ एकाच वेळी असताना सामने झाले कसे, आणि अजिंक्य कोण ठरले?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हे छायाचित्र अटलांटा येथील जॉर्जिया टेक या महाविद्यालयाच्या ग्रँट फील्ड मैदानावरचे आहे. आपल्या पेठांमध्ये रंगतो तो हा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा हा अमेरिकी खेळ आहे.

त्या हंगामावर पहिला घाला युद्धाने घातला. ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस सक्तीच्या सैन्यभरतीचे किमान वय २१ वरून १८ वर आणले गेले आणि १ ऑक्टोबरला पाचशेहून अधिक महाविद्यालयांत विद्यार्थी लष्करी प्रशिक्षण दल सुरू झाले. विद्यार्थी गणवेशातले शिपाई झाले, कवायतीतून उरेल तेवढाच वेळ सरावाला मिळू लागला आणि लांबच्या प्रवासावर बंधने आली. येल, अलाबामा यांसारख्या विद्यापीठांचे संघ त्या वर्षी उतरलेच नाहीत.

त्याच ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाची दुसरी, अधिक जीवघेणी लाट पसरली. (मुंबईतही ते दिवस त्याच साथीचे, फार मोठ्या मृत्यूंचे होते.) गर्दीवर बंदी आल्याने सामने रद्द झाले. मिशिगन विद्यापीठाचा पहिला सामना ५ ऑक्टोबरला झाला, दुसरा थेट ९ नोव्हेंबरला. नोत्र दाम विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नूट रॉकनी यांचा हा पहिलाच हंगाम. त्यांच्या संघानेही २८ सप्टेंबरनंतर २ नोव्हेंबरपर्यंत एकही सामना खेळला नाही. म्हणजे हंगाम खऱ्या अर्थाने नोव्हेंबरातच झाला, आणि ११ तारखेला युद्धविराम झाला तेव्हा तो ऐन भरात होता.

संघांची ताकद इतकी विषम झाली होती, की ९ नोव्हेंबरला जॉर्जिया टेकने नॉर्थ कॅरोलिना स्टेटला १२८-० असे हरवले. याच अनेक वर्षे अपराजित असलेल्या टेकला २३ नोव्हेंबरला पिट्सबर्गने ३२-० ने नमवले. पिट्सबर्गचा त्या दिवसाचा नायक टॉम डेव्हिस पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. एरवी अशा मुलांना मुख्य संघात घेतले जात नसे, पण युद्धामुळे तो नियम शिथिल झाला होता. पुढच्याच आठवड्यात पिट्सबर्ग क्लीव्हलंडच्या नौदल राखीव दलाकडून ९-१० असे हरले.

तेव्हा अजिंक्यपद ठरवणारी स्पर्धाच नव्हती. पाचही सामने जिंकणारे मिशिगन आणि पाचपैकी चार जिंकणारे पिट्सबर्ग या दोघांना नंतरच्या परीक्षकांनी अजिंक्य मानले. त्यांची आपसात गाठ पडलीच नाही. माझ्या मते, ज्या वर्षी कोण खेळू शकेल हे साथ आणि सैन्यभरती ठरवत होती, त्या वर्षीच्या अजिंक्यपदाला इतर वर्षांच्या मापाने मोजणे खेळाडूंवर अन्याय करणारे ठरेल. १ जानेवारी १९१९ चा रोझ बोल हा नववर्षदिनाचा मानाचा सामनाही दोन लष्करी संघांतच झाला. त्यात ग्रेट लेक्सच्या नौदल तळाने मेअर आयलंडच्या मरीन सैनिकांना १७-० ने हरवले.

विद्यार्थ्याला ठरावीक वर्षेच महाविद्यालयीन संघातून खेळता येत असे, पण १९१८ चे वर्ष त्या पात्रतेच्या वर्षांत मोजले गेले नाही. त्यामुळेच नोत्र दामचा खेळाडू जॉर्ज गिप याला १९२० चा हंगामही खेळता आला. त्या हंगामाच्या अखेरीस घशाचा संसर्ग आणि न्यूमोनियाने तो आजारी पडला आणि १४ डिसेंबर १९२० रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.