सीताबर्डीच्या लढाईचा (नागपूरचे भोसले विरुद्ध इंग्रज) छोट्या शिपायांचा खेळ मांडायला टेबलावर टेकड्या कशा बनवू? थर्माकोलवर स्प्रे मारला की तो विरघळतो.

स्प्रेतल्या द्रावकाने थर्माकोल विरघळणारच. आधी फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी आणि चाळलेली रेती कालवून दोन हात द्या. पूर्ण वाळलं की ब्रशने अॅक्रिलिक रंग लावा. नागपूरच्या उन्हाळ्यात वाळायला वेळ लागत नाही, पावसाळ्यात मात्र रात्रभर राहू द्या.

उतार गुळगुळीत नको, शिपाई घसरतात. पायऱ्यांसारखे थर ठेवा.

आणि टेकड्या दोन हव्यात! दक्षिणेची मोठी, उत्तरेची लहान. २७ नोव्हेंबर १८१७ ला सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेऊन तिथली तोफ मोठीवर वळवली होती. म्हणून दोघींमधलं अंतर तोफेच्या टप्प्यात बसवा, नाहीतर खेळात मजाच नाही. दगड बेसाल्टचा, म्हणजे रंग काळपट तपकिरी.