सांगाड्यावरचा गंज, वाऱ्याची ओढ आणि सोसायटीचा ओला कचरा

छपरावरची सौरयंत्रणा आणि घरचा कचरा या विषयांवर गोव्यातल्या वाचकांनी पाठवलेले चार प्रश्न आज घेतले आहेत.

मांद्रे : घर समुद्राजवळ आहे. तीन वर्षांपूर्वी सोलर बसवलं. पॅनेल ठीक आहेत, पण खालच्या सांगाड्याचे पाइप गंजू लागलेत. रंग मारला की भागेल, असं बसवणारा म्हणतो. भागेल का?

गंज नेमका कुठे आहे ते आधी बघा. बहुतेक वेळा तो वेल्डिंगच्या जोडावर, कापलेल्या टोकाला किंवा पाडलेल्या भोकाभोवती सापडतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा थर जळून जातो आणि खारी हवा तिथूनच आत शिरते.

पाइप ‘जीआयचे’ (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) आहेत, एवढ्यावर विसंबू नका. काही पाइप आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यापासून वळवतात. 120 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त असलेल्या अशा पाइपावर एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जस्त असतं. दुसऱ्या पद्धतीत कापणं, भोकं, वेल्डिंग सगळं उरकून मग भाग वितळलेल्या जस्तात बुडवतात. याला हॉट डिप म्हणतात. जाड भागांवर तो थर 80 मायक्रॉनच्या आसपास असतो. जस्त वर्षागणिक झिजत जातं, त्यामुळे थर जितका जाड तितकं आयुष्य. किनाऱ्यावर पहिल्या प्रकारचा पाइप वापरणं मला मुळीच पटत नाही.

आता तुमचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक गंजावर जोराने दाबून बघा. आत रुतलं तर तो पाइप बदला. रुतलं नाही तर तारेच्या ब्रशने घासा, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा, पूर्ण वाळू द्या आणि मग जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात मारा. मीठ न धुता मारलेला रंग फुगून सुटतो. नट-बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत 304 पेक्षा चांगले टिकतात. पॅनेलची ॲल्युमिनियमची फ्रेम लोखंडाला थेट टेकू देऊ नका, मध्ये रबर किंवा नायलॉनची चकती हवी.

डिचोली : गच्चीवर पॅनेल आठ फूट उंच बसवून खाली सुपारी वाळत घालायचा विचार आहे. तौक्ते वादळानंतर वाऱ्याची धास्ती वाटते.

धास्ती रास्त आहे. आयएस 875 भाग 3 या भारतीय मानकात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे. त्याचा वर्ग करून 0.6 ने गुणा : चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन, म्हणजे 93 किलो दाब येतो. अडीच चौरस मीटरच्या पॅनेलवर हे सव्वादोनशे किलोंच्या वर जातं, आणि पॅनेलचं स्वतःचं वजन असतं तीसेक किलो. उंची, उतार, गच्चीचा कोपरा यांनुसार आकडा बदलतो, पण पॅनेल पेलण्यापेक्षा ते उडू न देणं किती अवघड आहे, ते यावरून कळेल. वॉटरप्रूफिंगच्या कोब्यात ठोकलेले बोल्ट ही ओढ सोसत नाहीत. पाय खांब-तुळईंवर यायला हवेत, आणि उंच सांगाड्याला तिरके आधार हवेतच. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं गणित हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

आणि सुपारीला ऊन लागतं. पॅनेलच्या सावलीत तिला बुरशी धरेल. अर्ध्या गच्चीत पॅनेल कमी उंचीवर बसवा, उरलेली अर्धी सुपारीला मोकळी ठेवा.

फोंडा : आमच्या सोसायटीत 40 फ्लॅट आहेत. काहींना सोलर हवं, काहींना बायोगॅस. काय करावं?

वीजबिल कमी करायचं असेल तर सोलर. 10 किलोवॅटची यंत्रणा दिवसाला सरासरी 40 युनिट देते, लिफ्ट आणि पंपाच्या बिलात फरक दिसतो. बायोगॅसकडून तशी अपेक्षा ठेवू नका. घरटी अर्धा-पाऊण किलो ओला कचरा धरला तर रोज 20 ते 30 किलो जमेल. त्यातून दोन-तीन घनमीटर गॅस मिळेल, म्हणजे साधारण किलोभर एलपीजीइतका. दोन आठवड्यांना एक सिलिंडर. तरीही मी बायोगॅसच्या बाजूने बोलेन, कारण कचरा जिथे होतो तिथेच जिरतो.

अट एकच, ओला-सुका कचरा वेगळा करणं काटेकोर हवं. साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पातही ओल्या कचऱ्याच्या गॅसवर वीज तयार होते, पण प्लास्टिक मिसळून आलं की आधी ते निवडण्यातच श्रम जातात. तुमच्या बादलीत काय पडतं ते आठवडाभर बघा. करवंटी, सोडण (नारळाचं साल), आंब्याच्या बाठी बायोगॅसच्या टाकीत कुजत नाहीत. मासळीची घाण थोडी चालते, जास्त झाली की अमोनिया वाढून जिवाणू मंदावतात. चवथीनंतर माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या चौकटीची) फळं एकदम ओतलीत तर टाकी आंबट होईल आणि गॅस बंद पडेल. ती थोडी थोडी घाला, पानं-फुलं कंपोस्टला द्या. माझा सल्ला : सहा महिने नुसतं कंपोस्ट करा. वर्गीकरणाची सवय मुरली की मगच टाकीवर पैसे घाला.

मडगाव : पॅनेल फुटलं. भंगारवाला फ्रेमसाठी घ्यायला तयार आहे. द्यावं का?

नको. पॅनेलच्या वजनात तीन चतुर्थांश काच असते. फ्रेम काढून घेतल्यावर ती काच, सोल्डरमधल्या शिशासकट, कुठेतरी फेकली जाते. 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल येतात आणि उत्पादकांनी असा कचरा 2034-35 पर्यंत साठवून ठेवायचा आहे. तेव्हा विक्रेत्यामार्फत पॅनेल उत्पादकाकडे परत पाठवा आणि पोच घ्या. फुटलेलं पॅनेलही उजेडात वीज तयार करतं. त्यामुळे ते तंत्रज्ञाकडूनच सोडवून घ्या, तोवर हात लावू नका.